जुन्या चेनसॉसाठी सुटा भाग कसा शोधायचा?

वाचण्यापूर्वी

तुमच्या घरी कुणी जुने यंत्र दुरुस्त करताना तुम्ही पाहिले आहे का? त्याचा सुटा भाग कुठून आणला होता? तो पहिल्याच वेळी बरोबर बसला का? आधी दोन मिनिटे आठवा, मग पाठ वाचा.

फांदी पडली, आता काय?

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या थंड राज्यात राहता. रात्री बर्फाचा पाऊस झाला. सकाळी दार उघडून बघता तर मेपलची जाड फांदी ड्राइव्हवेवर आडवी पडलेली. गाडी आत अडकली. झाडं तोडणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, चार दिवसांनी येतो. सगळ्या गावात तीच गत आहे ना!

मग आठवण होते ती गॅरेजमधल्या चेनसॉची. आधीच्या घरमालकाने ती तशीच सोडून दिली होती. तुम्ही दोरी ओढता. एकदा, दोनदा, दहादा. इंजिन जरा फुरफुरते आणि बंद पडते. साखळी सैल आहे, दात बोथट झाले आहेत, पेट्रोलची नळी हात लावताच तुटते.

या वेळी फांदी दुसरा कोणीतरी कापेल. पण पुढच्या हिवाळ्याआधी ही करवत दुरुस्त करता येईल का? पुष्कळ वेळा येते. जुन्या करवतीचे इंजिन चांगले असेल तर बाकीचे भाग बदलायला फार खर्च येत नाही. अडचण वेगळीच असते. बरोबर भाग मिळवायचा कसा? चुकीचा भाग आला तर पैसे जातात, आठवडा जातो. काही भाग तर असे आहेत की चुकीचा बसवला तर इंजिन जळते किंवा माणसाला इजा होते.

म्हणून या पाठातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. करवतीच्या झाकणावरचं नाव वाचून भाग मागवू नका. भागावरचा नंबर वाचा, भाग मोजा आणि जुना भाग जवळ ठेवा.

"जुना पीस आणलाय का?"

ही पद्धत तुमच्या घरात कुणाला तरी नक्की माहीत असेल. आजीला विचारून बघा. प्रेशर कुकरची रबरी रिंग आणायला दुकानात गेलं की दुकानदार काय विचारतो? "कुठला कुकर? किती लिटरचा? झाकण आतून बसतं का बाहेरून? जुनी रिंग आणली आहे का?" नुसतं "कुकरची रिंग द्या" म्हणून भागत नाही. नळाचा वायसर आणायचा असो की मिक्सरचा कपलर, दुकानदार जुना पीस हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि मगच खोका उघडतो.

चेनसॉचेही तसेच आहे. फरक इतकाच, की परदेशात आपण बहुतेक भाग ऑनलाइन मागवतो. तिथे समोर दुकानदार नसतो. त्याचे काम आपल्यालाच करावे लागते. म्हणून पहिला नियम: नवा भाग बसून करवत नीट चालेपर्यंत जुना भाग फेकू नका, कितीही तुटलेला असला तरी.

नावावर जाऊ नका

आता नावाने फसगत कशी होते ते पाहू.

स्टिल या जर्मन कंपनीची ०२६ ही करवत एकेकाळी खूप विकली गेली. पुढे कंपनीने नावे बदलली आणि तीच मालिका एमएस २६० या नावाने येऊ लागली. म्हणजे तुमच्या करवतीवर ०२६ लिहिले असेल आणि भागाच्या पाकिटावर एमएस २६०, तरी तो भाग तुमचा असू शकतो. हे ओळखायचं कसं? या कंपनीच्या भागाचा नंबर ११ अंकी असतो: आधी ४ अंक, मग ३, मग परत ४. पहिले चार अंक मालिका सांगतात. ०२६ आणि एमएस २६० या दोघींची मालिका ११२१ आहे. ०२४ सुद्धा याच मालिकेतली. त्यामुळे या बहिणींचे पुष्कळ भाग एकमेकींना चालतात.

पुष्कळ चालतात, पण सगळे नाहीत. ०२४ च्या सिलिंडरचा व्यास ४२ मिलिमीटर आहे आणि ०२६ चा ४४. एकीचा पिस्टन दुसरीत बसणार नाही.

याच्या उलटही होते. नाव तेच, भाग मात्र वेगळा. याच कंपनीची ०४४ ही मोठी करवत घ्या. सुरुवातीच्या ०४४ मध्ये पिस्टनची पिन १० मिलिमीटरची होती, नंतरच्या ०४४ मध्ये १२ मिलिमीटरची. बाहेरून दोन्ही करवती सारख्याच दिसतात. पिस्टन मागवण्याआधी पिन मोजली नाही तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

तिसरा प्रकार म्हणजे रंग आणि नाव वेगळे, आतले यंत्र एकच. मकिता या जपानी कंपनीने १९९१ मध्ये डोलमार ही जर्मन कंपनी घेतली. त्यानंतर एकच करवत दोन नावांनी विकली गेली. डोलमार लाल-केशरी, मकिता निळसर. अमेरिकेत सिअर्सच्या दुकानांत क्राफ्ट्समन नावाच्या चेनसॉ मिळायच्या. त्या सिअर्स स्वतः बनवत नसे. तुमच्या जुन्या क्राफ्ट्समनचा मॉडेल नंबर ३५८ ने सुरू होत असेल तर ती पूलनच्या घराण्यातली आहे. मग पूलनचे भाग शोधा. क्राफ्ट्समनच्या नावाने न सापडलेला भाग तिथे सापडू शकतो.

म्हणून करवतीवरची पट्टी किंवा स्टिकर पुसून घ्या आणि मॉडेल नंबर व सीरियल नंबर दोन्ही लिहून ठेवा. कंपनीच्या पार्ट्स लिस्टमध्ये प्रत्येक भागाचे चित्र आणि नंबर असतो. कधी कधी एकाच चित्रासमोर दोन नंबर दिसतात: अमुक सीरियल नंबरपर्यंत हा भाग, त्यापुढे तो. सीरियल नंबर उगीच नसतो बरं!

साखळीचे तीन आकडे

सर्वांत आधी झिजते ती साखळी, आणि तिची जोडी जुळवणे सर्वांत सोपे. आजच्या बहुतेक साखळ्यांच्या दातांची घडण एका लाकूडतोड्याने शोधली. त्याचे नाव जो कॉक्स. १९४६ मध्ये ऑरेगन राज्यात त्याने लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. तिचे वाकडे जबडे डावीकडे-उजवीकडे लाकूड कुरतडत होते. त्यावरून त्याने साखळीचे आलटूनपालटून डावे-उजवे दात बनवले आणि १९४७ मध्ये साखळ्या विकायला सुरुवात केली. आज अनेक कंपन्या ठरलेल्या मापांच्या साखळ्या बनवतात. म्हणून साखळी करवतीच्याच कंपनीची हवी असे नाही. फक्त तीन आकडे जुळले पाहिजेत.

*पहिला आकडा: पिच.* साखळीतले ओळीने तीन रिव्हेट निवडा. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि निम्मे करा. हा झाला पिच. घरगुती करवतींमध्ये ०.३२५ इंच आणि ३/८ इंच हे पिच जास्त दिसतात. एक सापळा इथे आहे. ३/८ मध्ये दोन जाती असतात: साधी आणि ठेंगणी. ठेंगणीला लो प्रोफाइल म्हणतात. आकडा तोच, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

*दुसरा आकडा: गेज.* साखळीच्या ज्या कड्या पट्टीच्या खाचेत उतरतात त्यांना ड्राइव्ह लिंक म्हणतात. त्यांची जाडी म्हणजे गेज. नेहमीची मापे १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर. जाड साखळी खाचेत शिरतच नाही. पातळ साखळी शिरते, आणि तीच जास्त वाईट. ती खाचेत कलते, तिरकी कापते आणि पट्टीवरून निसटू शकते.

*तिसरा आकडा: ड्राइव्ह लिंक किती.* एका कडीवर खडूने खूण करा आणि मोजत परत खुणेपर्यंत या. "१६ इंची साखळी" एवढे सांगून पुरत नाही. दोन वेगळ्या करवतींच्या १६ इंची पट्ट्यांना कड्यांची संख्या वेगळी लागू शकते.

बहुतेक वेळा हे तिन्ही आकडे पट्टीच्या शेपटाजवळ कोरलेले असतात. तेल आणि भुसा पुसा, दिसतील. पण सावध राहा: आधीच्या मालकाने पट्टीच चुकीची लावलेली असू शकते! म्हणून पट्टी, साखळी आणि स्प्रॉकेट तिन्ही तपासा.

पट्टी आणि स्प्रॉकेट

पट्टी निवडताना लांबी ही शेवटची गोष्ट. आधी शेपूट बघा. तिथली लांब खाच करवतीच्या बोल्टवर बसली पाहिजे. तेलाचे भोक करवतीच्या तेलाच्या वाटेसमोर आले पाहिजे. नाहीतर साखळीला तेलच मिळणार नाही आणि पट्टी तापून निळी पडेल. साखळी ताणणाऱ्या खुंटीचे भोकही जागच्या जागी हवे. जुनी पट्टी कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची आकृती काढा. ऑनलाइन मापांशी ताडून बघायला हा कागद फार उपयोगी पडतो.

स्प्रॉकेट म्हणजे साखळीला फिरवणारे दातेरी चाक. त्याचा पिच साखळीच्या पिचशी जुळला पाहिजे. पट्टीच्या टोकाला छोटे चाक असेल तर त्याचाही. स्प्रॉकेटवर खोल खड्डे पडले असतील तर नवी साखळीसुद्धा लवकर खराब होते. दोन साखळ्या झिजल्या की एक स्प्रॉकेट बदलायचे, असा साधा हिशोब ठेवतात.

इंजिनाची नळी आणि पडदा

इंजिन फुरफुरून बंद पडते, त्याचे कारण बरेचदा कार्ब्युरेटरमध्ये असते. त्यात पातळ लवचीक पडदे असतात. अमेरिकेतल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. असे पेट्रोल टाकीत वर्षानुवर्षे राहिले की पडदा वाळलेल्या पापडासारखा कडक होतो. मग तो हलत नाही आणि पेट्रोल पुढे जात नाही.

इथे एक गंमत आहे. करवत कोणत्याही कंपनीची असो, कार्ब्युरेटरवर बहुधा दुसरेच नाव असते. वॉलब्रो, झामा, टिलटसन अशा कंपन्या तो बनवतात. शिवाय एकाच मॉडेलच्या करवतीवर एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसराच कार्ब्युरेटर बसवलेला असू शकतो. म्हणून करवतीचे नाव विसरा. कार्ब्युरेटर काढा आणि त्याच्या अंगावर कोरलेला नंबर वाचा. त्या नंबरावरून दुरुस्तीचा संच मिळतो: पडदे, गॅस्केट, सुई. जुने पडदे काढताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. कुठला आधी आणि कुठला नंतर, हे उलटे झाले तर नवा संचही कामाचा नाही.

पेट्रोलच्या नळीची दोन मापे घ्या: आतला व्यास आणि बाहेरचा व्यास. आतला मोठा झाला तर जोडावरून हवा शिरते. बाहेरचा लहान झाला तर टाकीच्या भोकातून पेट्रोल गळते. हवा शिरणे किरकोळ वाटते, पण तसे नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेलेच. पेट्रोल कमी आले की तेलही कमी येते. पिस्टन तापतो आणि त्यावर ओरखडे पडतात. थोड्या पैशांच्या नळीपायी अख्खे इंजिन जाते.

स्पार्क प्लगवरही कोड असतो. प्लगच्या कंपन्या तक्ते देतात: आमचा अमुक प्लग म्हणजे त्यांचा तमुक. असा तक्ता पाहूनच बदला. केवळ चुडी जुळली म्हणून दुसरा लावू नका. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो.

पंख्यातली बेअरिंग चालेल का?

काही भागांचे नंबर जगभर एकच असतात. बेअरिंग हे त्याचे उत्तम उदाहरण. ६२०२ नंबरची बेअरिंग कुठेही घ्या: आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि रुंदी ११ मिलिमीटर. मध्यम आकाराच्या काही चेनसॉंमध्ये ती असते. तुमच्या आजोळच्या छताला टांगलेल्या पंख्यातही तीच असू शकते!

मग पंख्याची बेअरिंग करवतीत बसेल? बसेल. टिकेल? नाही. पंखा मिनिटाला काहीशे फेरे घेतो, चेनसॉचे इंजिन दहा हजारांच्याही पुढे जाते आणि खूप तापते. तापल्यावर धातू फुगतो, म्हणून करवतीच्या बेअरिंगमध्ये आत जरा जास्त मोकळी जागा लागते. ही जागा नंबरच्या शेवटी लिहिलेल्या खुणेवरून कळते, उदाहरणार्थ सी३. आकडा वाचलात, आता शेपूटही वाचा.

कंपनीचा की लोकल?

"कंपनीचाच पार्ट घ्यायचा का?" हा प्रश्न पुण्यातल्या स्कूटरवाल्यालाही पडतो आणि मिशिगनमधल्या चेनसॉवाल्यालाही. सरसकट उत्तर नाही. साखळी, पट्टी, प्लग, एअर फिल्टर हे भाग चांगल्या बाहेरच्या कंपनीचे चालतात. पिस्टन-सिलिंडर स्वस्तातला घेताना कडा आणि आतला मुलामा नीट बघा. मापे बरोबर असूनही काम कच्चे असू शकते.

पण चेन ब्रेक, पुढचा हातरक्षक, साखळी तुटली तर तिला अडवणारी खुंटी आणि थ्रॉटलचे कुलूप या चार गोष्टींत जुगाड नको. करवत उसळून मागे आली तर एका क्षणात साखळी थांबवणारा ब्रेक हाच तुमच्या चेहऱ्याचा रक्षक असतो. त्याचा भाग अगदी त्याच मॉडेलचा हवा. नवा मिळत नसेल तर त्याच मालिकेतली दुसरी बंद पडलेली करवत शोधा. दोन मेलेल्या करवतींतून एक जिवंत करणे हा जुना आणि चांगला मार्ग आहे. मात्र घेतलेला भाग झिजलेला किंवा तडकलेला नाही ना, हे बघून घ्या.

फार जुन्या करवतींना चेन ब्रेक नसतोच. अशी करवत सुरू करता आली तरी तिने कापू नका. ती साफ करून भिंतीवर टांगा.

मागवण्याआधी एक कागद

आता एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: करवतीचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर, भागावरचा नंबर, मोजलेली मापे. सोबत जुन्या भागाचा मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो. हा कागद घेऊन जवळच्या विक्रेत्याकडे जा. जुना नंबर बंद झाला असेल तर त्याच्या जागी आलेला नवा नंबर त्याच्या यादीत सापडतो.

भाग आला की लगेच बसवू नका. जुना आणि नवा टेबलावर शेजारी ठेवा. भोके, उंची, जाडी ताडून बघा. काम करताना प्लगची वायर काढलेली असू द्या आणि साखळीला हात लावताना जाड हातमोजे घाला. सगळं जुळलं? मग पाना हातात घ्या.

नवे शब्द

सुटा भाग – यंत्राचा वेगळा मिळणारा भाग, पार्ट
फसगत – फसवले जाणे, चुकीची समजूत होणे
ताडून बघणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून जुळतात का ते पाहणे
बोथट – धार गेलेला
खाच – लांबट अरुंद खड्डा
चुडी – स्क्रूवरचे गोल फिरणारे आटे
सरसकट – सगळ्यांना एकच लागू असे
जुगाड – हाताशी असेल त्यावर भागवलेला तात्पुरता उपाय

स्वाध्याय

१. कुकरच्या रिंगचे उदाहरण पाठात का दिले आहे? दोन-तीन वाक्यांत सांगा.
२. साखळी मागवताना कोणते तीन आकडे लागतात? ते कसे मोजायचे?
३. "पातळ साखळी शिरते, आणि तीच जास्त वाईट." असे का म्हटले आहे?
४. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या काकांना विचारा: चुकीचा सुटा भाग आणल्यामुळे झालेली एखादी फजिती त्यांना आठवते का? त्यांनी सांगितले तसे, बोली भाषेतच, आठ-दहा वाक्यांत लिहा.
५. घरातले एखादे यंत्र घ्या. त्याच्यावरचे सगळे नंबर शोधा आणि मोठ्याने मराठीत वाचा.